क्लास लावू की नको? एनक्लेक्सची तयारी, कमी पैसे आणि रिसर्च काय सांगतो

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तुमच्या घरात, गल्लीत किंवा हॉस्टेलवर नर्सिंग केलेलं एक तरी माणूस असतंच. मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं. आज मिरजेत शासकीय मेडिकल कॉलेज आहे, कराडला कृष्णा, सांगलीला भारती, शिवाय दोन्ही जिल्ह्यांत खासगी हॉस्पिटलं आहेत. नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली की यातल्या अनेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: "अमेरिकेची परीक्षा द्यायचीय, क्लास लावू का?"

तुम्ही म्हणाल, आम्ही पीएचडीच्या तयारीत, आम्हाला हे कशाला? कारण हा रिसर्च वाचण्याचाच प्रश्न आहे. एका बाजूला क्लासची जाहिरात, दुसऱ्या बाजूला शंभरेक वर्षांचे स्मरणशक्तीवरचे प्रयोग आणि मध्ये कुणाचा तरी काही महिन्यांचा पगार. पुरावा वाचून निर्णय घ्यायला शिकायचं असेल, तर याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. नेट-सेटच्या तयारीलाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं.

आधी परीक्षा समजून घेऊ

आपल्याकडे राज्य मंडळाची जीएनएम किंवा विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग पास झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. अमेरिकेत तसं नाही. तिथे पदवीनंतर लायसन्ससाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते, ती एनक्लेक्स-आरएन. कॅनडातही २०१५ पासून हीच परीक्षा वापरतात.

एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, वेळ पाच तास. तुम्हाला ८५ येणार की १५० हे आधी ठरलेलं नसतं, कारण ही परीक्षा 'अडॅप्टिव्ह' आहे. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर असा प्रश्न शोधतो की तुमचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता साधारण ५० टक्के असावी.

याचा परिणाम काय होतो बघा. हुशार उमेदवाराचेही जवळपास निम्मे प्रश्न चुकतात आणि कच्च्या उमेदवाराचेही. मग फरक कुठे? प्रश्नांच्या काठिण्यात. यामागे डॅनिश गणितज्ञ जॉर्ज राश यांचं १९६० सालचं मॉडेल आहे. त्यात उमेदवाराची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मोजतात. त्या पट्टीचं एकक म्हणजे लॉजिट. दोन्ही सारखे असतील तर बरोबर उत्तराची शक्यता ५० टक्के. तुम्ही प्रश्नापेक्षा एक लॉजिट वर असाल तर ती सुमारे ७३ टक्के, एक लॉजिट खाली असाल तर सुमारे २७ टक्के. पास होण्याची रेषा २०१३ मध्ये ०.०० लॉजिटवर ठरवली गेली आणि २०२३ मध्ये स्वरूप बदललं तेव्हाही तीच ठेवली. तुमची क्षमता या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे अशी ९५ टक्के खात्री झाली, की कॉम्प्युटर परीक्षा थांबवतो.

म्हणून "मला सराव परीक्षेत ६० टक्के पडतात, मी पास होईन का?" या प्रश्नाला एकट्या टक्केवारीवरून उत्तर देता येत नाही. ते प्रश्न किती अवघड होते हे कळल्याशिवाय ६० या आकड्याला अर्थच नाही.

पैसा नक्की कुठे जातो?

परीक्षेची नोंदणी २०० डॉलर. अमेरिकेबाहेरच्या केंद्रावर बसायचं तर आणखी १५० डॉलर, वर कर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ३५० डॉलरचे २९,७५० रुपये होतात. शिवाय कागदपत्रांची तपासणी, पासपोर्ट आणि पुढे व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा. आपल्याला जवळचं केंद्र मुंबई. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा करत सकाळी मुंबईत पोचवते, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवास नको. एक दिवस आधी जायचं म्हणजे राहण्याचा खर्चही धरायला हवा.

हे खर्च टळणारे नाहीत. नापास झालं तर किमान ४५ दिवस थांबायचं आणि ३५० डॉलर पुन्हा भरायचे. म्हणजे सगळ्यात महाग पडते ती तयारी नसताना घेतलेली तारीख. पैसे वाचवायचे असतील तर पहिला नियम हाच: तयारीचा अंदाज आल्याशिवाय तारीख बुक करू नका.

आता राहिली क्लासची फी. ती ऐच्छिक आहे, आणि इथेच रिसर्च कामाला येतो.

"आमचा निकाल ९५ टक्के"

असा आकडा दिसला की रिसर्चच्या विद्यार्थ्याने विचारायचे तीन प्रश्न:

१. छेद कोणता? फी भरलेले सगळे, कोर्स पूर्ण केलेले, की प्रत्यक्ष परीक्षा दिलेले? क्लासच्या शेवटच्या सराव परीक्षेत कमी पडलेल्यांना "तू थांब" सांगितलं असेल, तर निकाल आपोआप वाढतो.

२. निकाल कळवला कुणी? पास झालेले पेढे घेऊन येतात, नापास झालेले फोन उचलत नाहीत.

३. क्लास न लावता ते किती पास झाले असते? २०२३ मध्ये अमेरिकेत शिकलेले आरएन उमेदवार पहिल्या प्रयत्नात ८८ टक्क्यांहून जास्त पास झाले. बाहेरच्या देशांत शिकलेल्यांचं प्रमाण याहून बरंच कमी असतं. आपली तुलना कुठल्या गटाशी होतेय, हे आधी ठरवायला हवं.

क्लास वाईट असतात असं मला म्हणायचं नाहीये. शिस्त लागते, सोबत मिळते, शंका विचारायला माणूस मिळतं. पण या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय जाहिरातीतला आकडा पुरावा ठरत नाही.

मग पुरावा कशाचा आहे?

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी १२० कॉलेज विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. नंतर काही उतारे पुन्हा वाचले, तर काही न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं: ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी चित्र उलटलं: वाचलेलं ५४, आठवून लिहिलेलं ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६.

त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्या गटाला ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१. गंमत म्हणजे "आपल्याला हे चांगलं लक्षात राहील" असा जास्त विश्वास चार वेळा वाचणाऱ्यांनाच होता. वाचताना ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा आपला समज होतो. दिवसभर व्हिडिओ बघून "आज भरपूर अभ्यास झाला" असं वाटतं, ते याच जातीचं.

"ते उतारे होते, मेडिकल नव्हतं" ही शंका रास्त आहे. २००९ मध्ये लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी निवासी डॉक्टरांवर असाच प्रयोग केला. एका विषयावर त्यांनी वारंवार चाचण्या दिल्या, दुसऱ्या विषयाची तयार टिपणं वारंवार वाचली. सहा महिन्यांहून जास्त काळ गेल्यावर चाचण्या दिलेल्या विषयात सरासरी ३९ टक्के, वाचलेल्या विषयात २६. आणि २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. सर्वांत उपयुक्त ठरल्या दोनच: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराने विखरून करणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि हायलायटर मारणं खालच्या गटात गेलं.

अंतर किती ठेवायचं? सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात १,३५० हून जास्त लोक होते. त्यांना असं दिसलं की परीक्षा जितकी लांब, तितकं उजळणीतलं योग्य अंतर मोठं. आठवड्यावर परीक्षा असेल तर एक-दोन दिवस, वर्षावर असेल तर तीन-चार आठवडे. तीन-चार महिन्यांनी परीक्षा असणाऱ्याने एकच धडा साधारण दोन-तीन आठवड्यांनी परत काढावा, असा यातून अंदाज बांधता येतो.

लक्षात घ्या, या दोन्ही पद्धतींना वही-पेन पुरतं. पैसे लागत नाहीत.

या रिसर्चच्या मर्यादा

२००६ च्या प्रयोगातले विद्यार्थी अमेरिकन विद्यापीठातले होते, त्यांचं शिक्षणच इंग्रजीत झालेलं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या कोरेगावच्या किंवा तासगावच्या मुलीला प्रश्न समजायलाच वेळ लागत असेल, तर त्या अडचणीबद्दल हे प्रयोग काही सांगत नाहीत. दुसरं, नुसतं आठवणं पुरत नाही. चुकीचं आठवलं आणि तपासलं नाही, तर चूकच पक्की होण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक चाचणीनंतर पुस्तक उघडून उत्तर आणि त्यामागचं कारण बघणं हा पद्धतीचाच भाग धरा.

तिसरं, एनक्लेक्समध्ये पाठांतरापेक्षा निर्णय जास्त विचारतात: चार पेशंटपैकी आधी कुणाकडे जाल, कुठलं काम सहायकाला देता येईल. २०२३ च्या आराखड्यात सर्वांत मोठा वाटा 'मॅनेजमेंट ऑफ केअर'चा होता, १५ ते २१ टक्के. औषधांचा वाटा १३ ते १९ टक्के. आपल्याकडे वॉर्डात कामांची वाटणी वेगळी असते, त्यामुळे अनुभवी सिस्टरही पहिल्या भागात अडखळू शकते. हा आराखडा परीक्षा घेणारी संस्थाच फुकट देते आणि दर तीन वर्षांनी बदलते. अभ्यास सुरू करण्याआधी चालू आराखडा उतरवून घ्या.

स्वतःवर प्रयोग करा

दुसऱ्यांचा डेटा आपल्याला लागू पडतो का, हे तपासायचा स्वस्त मार्ग आहे. रिसर्चच्या तयारीतल्यांनी हा मुद्दाम करून बघावा.

साधारण सारख्या लांबीच्या आणि काठिण्याच्या विषयांच्या दहा जोड्या करा. प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवा, कोणता विषय तीनदा वाचायचा आणि कोणता एकदा वाचून दोनदा न बघता लिहायचा. दोन्हींना वेळ तेवढाच द्या. सात दिवसांनी मैत्रिणीला प्रत्येक विषयावर दहा प्रश्न काढायला सांगा आणि पेपरही तिलाच तपासू द्या. कुठला विषय कुठल्या पद्धतीने केला हे तिला सांगू नका.

दहापैकी नऊ किंवा दहा जोड्यांत आठवून लिहिलेलं जिंकलं, तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे साधारण एक टक्का. आठच जिंकल्या, तर 'आठ किंवा जास्त'ची शक्यता १,०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्के. तिथे थोडं थांबून विचार करा. यादृच्छिक वाटणी, अंध तपासणी आणि सांख्यिकीय कसोटी हे तिन्ही या घरगुती प्रयोगात आले.

खर्चाचा साधा आराखडा

नाइट ड्युटी करणाऱ्या माणसाला रोज चार तासांचं वेळापत्रक टिकत नाही. ड्युटीच्या आधी वीस मिनिटं कालचं आठवून लिहायचं, ड्युटीनंतर झोपायचं, उठल्यावर तपासायचं, एवढं टिकतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही रीत आपल्या भागाला नवी नाही. फक्त उरलेल्या थोड्या वेळात काय करायचं, एवढंच बदलायचंय.

पुस्तक: कॉलेजात वापरलेलं मेडिकल-सर्जिकलचं पुस्तक पुरतं. सराव प्रश्नांचं पुस्तक जुनं घेतलं तरी चालतं, पण औषधं आणि नवीन केस-स्टडी प्रकारचे प्रश्न त्यात भरवशाचे धरू नका.

प्रश्नसंच: पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा, आणि तेही शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी. निवडताना प्रश्नांची संख्या बघू नका. प्रत्येक चुकीचा पर्याय का चूक आहे हे लिहिलंय का आणि काठिण्यपातळी दिली आहे का, हे बघा.

गट: तिघी-चौघींनी आठवड्यातून एकदा बसा. प्रत्येकीने स्वतः दहा प्रश्न तयार करून आणायचे. फिरत्या शिफ्टमध्ये बसणं जमत नसेल तर फोनवर विचारा.

क्लास: हे सगळं सहा आठवडे करूनही एखादा भाग हलत नसेल, तर तेवढ्याच भागासाठी शिकवणारं माणूस शोधा. तोवर क्लासला द्यायचे पैसे परीक्षेच्या फीसाठी बाजूला ठेवा.

प्रयोग केलात तर दहा जोड्यांचे आकडे मला नक्की कळवा. आठवून लिहिणं हरलं असेल, तर आधी कळवा.