कोटनचे थ्रॉकमॉर्टन घराणे आणि ट्यूडर राजदरबार

ट्यूडर काळाच्या इतिहासात आठवा हेन्री, त्याच्या सहा राण्या आणि वधस्तंभावर गेलेले बडे सरदार यांनाच बहुतेक जागा मिळते. त्यामुळे दरबारी जीवनाची झळ केवळ राजवंशाशी निगडित असलेल्या मूठभर उमरावांनाच लागली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. उमरावांच्या खालोखाल असलेल्या जमीनदार वर्गाला, म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘जेंट्री’ म्हणतात त्या वर्गाला, ही झळ निराळ्या रीतीने पण तितकीच लागली. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘वतनदार’ म्हणावे, तर वतनदाराचा हक्क वंशपरंपरागत हुद्द्याशी जोडलेला असे. इंग्लंडमधील या जमीनदाराची जमीन वंशपरंपरेची असली तरी परगण्यातील न्यायाधिकार, शेरीफपद आणि पार्लमेंटातील वजन ही राजाच्या मर्जीवर अवलंबून होती. मर्जी संपादन करण्यासाठी दरबाराशी संबंध ठेवणे प्राप्त होते, आणि संबंध ठेवला की धोका आलाच. वॉरिकशर परगण्यातील कोटन येथील थ्रॉकमॉर्टन घराण्याच्या तीन पिढ्यांचा वृत्तान्त या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

कोटनची जहागीर या घराण्याकडे पंधराव्या शतकाच्या आरंभी विवाहसंबंधाने आली. सर रॉबर्ट थ्रॉकमॉर्टन इ. स. १५१८ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेस निघाला असता वाटेत मरण पावला, यावरून घराण्याची धर्मनिष्ठा ध्यानात येते. त्याचा पुत्र सर जॉर्ज याने कॅथरीन व्हॉ हिच्याशी विवाह केला. पुढे आठव्या हेन्रीची सहावी राणी झालेल्या कॅथरीन पार हिचा पिता आणि जॉर्जची पत्नी ही एका आईची लेकरे होती. या नात्याचे मोल विवाहाच्या वेळी कोणाच्याही ध्यानी येणे शक्य नव्हते.

सर जॉर्ज १५२९ मध्ये पार्लमेंटात आला. हीच ती सभा, जिने पुढील सात वर्षांत इंग्लंडचे रोमशी असलेले नाते तोडले. रोमकडे अपील करण्यास मनाई करणाऱ्या १५३३ च्या कायद्याविरुद्ध त्याने सभागृहात भाषण केले, तेव्हा राजाने त्याला बोलावून घेतले. टॉमस क्रॉमवेल जवळच उभा होता. ॲन बोलीनशी विवाह केल्यास राजाचे मन अधिकच अस्वस्थ होईल, कारण राजाचा तिच्या आईशी व बहिणीशी संबंध होता असे लोक बोलतात, असे जॉर्ज राजाच्या तोंडावर बोलून गेला. आईशी कधीच नाही, असे हेन्रीने उत्तर दिले. बहिणीविषयी तो काहीच बोलला नाही. तिच्याशीही नाही, अशी पुस्ती क्रॉमवेलने जोडली. राजाचे हे अर्धे उत्तर इतिहासकारांनी वारंवार उद्धृत केले आहे. जॉर्जच्या दृष्टीने मात्र या प्रसंगाचे महत्त्व वेगळे होते. त्या दिवशी त्याला कोणतीही शिक्षा झाली नाही. घरी राहावे, देवाची सेवा करावी आणि फारशी उठाठेव करू नये, एवढाच सल्ला क्रॉमवेल त्याला देत असे.

हा सल्ला पाळणे त्याला जमले नाही. लंडनमधील फ्लीट स्ट्रीटवरील क्वीन्स हेड या खाणावळीत समविचारी सभासदांबरोबर जेवण आणि चर्चा चालूच होती. दरम्यान कायदाच बदलला. १५३४ च्या राजद्रोहविषयक कायद्याने प्रत्यक्ष कृतीबरोबरच राजाविरुद्ध दुष्ट हेतूने उच्चारलेले शब्दही देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरविले. १५३३ मध्ये जे बोलणे फार तर उद्धटपणाचे होते, त्याचाच पुनरुच्चार आता प्राणघातक ठरू शकत होता. जॉर्जने राजाशी झालेले संभाषण आपल्या परिचितांना, विशेषतः सर टॉमस डिंग्ली याला, सांगितले होते. आणि ते फुटले. १५३६ मध्ये उत्तरेत धर्मसुधारणेविरुद्ध बंड उठले, तेव्हा बंडखोरांच्या मागण्यांची प्रत जवळ बाळगल्याचे बालंटही त्याच्यावर आले. शिवाय त्याचा भाऊ मायकेल हा राजाचा कट्टर विरोधक कार्डिनल पोल याच्या सेवेत इटलीत होता. क्रॉमवेलचा हेर असल्याची बतावणी करून त्याने क्रॉमवेललाच चकविले होते.

टॉवरच्या तुरुंगात १५३७ मध्ये जॉर्जने दिलेला लेखी कबुलीजबाब हा या सर्व वृत्तान्ताचा मुख्य आधार. तो वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. आपल्याला विरोधास प्रवृत्त करणारे म्हणून त्याने टॉमस मोर, बिशप फिशर, सायनचा रेनॉल्ड्स आणि फ्रायर पीटो यांची नावे सांगितली. पहिल्या तिघांचा १५३५ मध्येच वध झाला होता आणि चौथा परदेशी होता. खाणावळीतील सोबत्यांची हकीगत त्याला टाळता आली नाही, हे खरे. पण दोषाचा भार त्याने ज्यांना तो आणखी बाधू शकत नव्हता त्यांच्यावरच मुख्यतः टाकला. भीतीने गांगरलेल्या माणसाचे हे लिखाण आहे, तरी ते अगदीच अविचाराचे नाही. इकडे त्याच्या पत्नीने आपला सावत्र भाऊ सर विल्यम पार याच्याकडे मदतीची याचना केली. जॉर्ज सुटला आणि १५५२ मध्ये कोटन येथेच वारला. क्रॉमवेलचे डोके त्यापूर्वीच, १५४० मध्ये, उडाले होते.

जॉर्जला १९ अपत्ये होती. ज्येष्ठ पुत्र रॉबर्ट जुन्या धर्माला चिकटून राहिला, तर निकोलस कॅथरीन पारच्या परिवारात वाढला आणि प्रॉटेस्टंट झाला. दोन्ही पक्षांत माणसे असली म्हणजे घराणे बुडत नाही, असा हेतुपुरस्सर डाव यामागे होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसा पुरावा नाही. धाकट्या मुलांना पोटापाण्यासाठी जेथे आश्रय मिळाला, तेथील मत त्यांनी स्वीकारले, हेच अधिक संभवनीय दिसते.

निकोलसचा सासरा सर निकोलस कॅर्यू याचा १५३९ मध्ये शिरच्छेद झाला होता. खुद्द निकोलसवर मेरी राणीच्या काळात वायटच्या बंडात सामील असल्याचा आरोप आला. वायटचा वध ११ एप्रिल १५५४ रोजी झाला आणि १७ एप्रिलला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये निकोलसचा खटला उभा राहिला. राजद्रोहाच्या आरोपीला त्या काळी वकील मिळत नसे. त्याने बोलावू पाहिलेल्या साक्षीदाराचे ऐकले गेले नाही. कायद्याची पुस्तके आणावीत, ही मागणीही फेटाळली गेली. तेव्हा त्याने कलमे पाठ म्हणून दाखविली. त्याचा मुख्य मुद्दा असा: मेरीच्या पहिल्या पार्लमेंटने १५५३ मध्ये राजद्रोहाचे सर्व नवे प्रकार रद्द करून तिसऱ्या एडवर्डचा १३५२ चा कायदा तेवढा कायम ठेवला आहे, त्या कायद्याला उघड कृती लागते, आपण हत्यार उचलले नाही, आणि नुसते बोलणे म्हणजे राजद्रोह नव्हे. पित्याला ज्या १५३४ च्या कायद्याने ग्रासले, तो १५४७ मध्येच रद्द झाला होता. पुत्राने त्या प्रकारच्या कायद्यांच्या अभावाचाच ढालीसारखा उपयोग केला. राजद्रोहास चिथावणी देणारा हाही राजद्रोहीच, असे न्यायाधीशांनी सांगून पाहिले, तरी ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले.

अशा खटल्यात निर्दोष सुटणे त्या काळी अत्यंत दुर्मीळ होते, आणि ते कोणालाच मानवले नाही. निकोलसला आणखी काही महिने टॉवरमध्येच ठेवण्यात आले. ज्यूरीला तर थेट तुरुंगात धाडण्यात आले, आणि ज्यांनी चूक कबूल करण्याचे नाकारले त्यांच्यावर जबर दंड बसविण्यात आले. दरबाराच्या धोक्याची किंमत येथे दरबाराशी सुतराम संबंध नसलेल्या लंडनच्या नागरिकांनी मोजली. खटल्याच्या चर्चेत ही बाब बहुधा शेवटच्या एका वाक्यात आटोपली जाते.

एलिझाबेथच्या राज्यात निकोलस फ्रान्समध्ये राजदूत झाला. तरीही १५६९ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकच्या विवाहप्रकरणी संशयावरून त्याला पुन्हा अटक झाली. १५७१ मध्ये तो वारला. त्याचा पुतण्या फ्रान्सिस हा स्कॉटलंडच्या मेरी राणीचा पक्षपाती. गीझच्या ड्यूकच्या सैन्यानिशी इंग्लंडवर स्वारी करविण्याच्या कटात तो १५८३ मध्ये पकडला गेला, यंत्रावर ताणला गेला आणि १५८४ मध्ये टायबर्न येथे फासावर गेला. या प्रकरणी स्पॅनिश राजदूत मेंदोसा याला देश सोडावा लागला. त्याच वर्षी निकोलसची कन्या बेस राणीची सेविका म्हणून दरबारात दाखल झाली. चुलत भाऊ राजद्रोही ठरत असता तिची नेमणूक अडली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एलिझाबेथ माणसे पारखताना केवळ आडनाव पाहत नसे. पुढे बेसने १५९१ मध्ये वॉल्टर रॅलेशी गुप्तपणे विवाह केला आणि राणीची परवानगी न घेतल्याबद्दल १५९२ मध्ये दोघांनाही टॉवर पाहावा लागला.

कोटनच्या ज्येष्ठ शाखेने दरबार सोडला, पण त्यामुळे दरबाराने तिला सोडले नाही. प्रॉटेस्टंट उपासनेस गैरहजर राहणाऱ्यांवर १५८१ च्या कायद्याने दरमहा २० पौंड दंड बसविला होता, आणि कोटनचा धनी टॉमस थ्रॉकमॉर्टन याला असे दंड आणि स्थानबद्धता यांतच आयुष्याची कित्येक वर्षे घालवावी लागली. जहागीर मात्र हातची गेली नाही. सर जॉर्जच्या काळातील वेशीची भव्य इमारत अद्याप उभी असून, ते घर १९४६ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे सोपविण्यात आले.