पिप्पलीचे योगवाहित्व आणि ‘सीवायपी ३ ए ४’ जनुक

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिउपयोग निषिद्ध मानला आहे. त्याच प्रसंगी पिप्पलीला योगवाही म्हटले आहे. हा गुण आपण नित्य उपयोगात आणतो. परंतु आज रुग्णाच्या पोटात पिप्पलीच्या सोबतीला पुष्कळदा आधुनिक औषध असते. म्हणूनच एका मानवी जनुकाचा परिचय आपणांस आवश्यक वाटतो.

सातव्या गुणसूत्रावरील ‘सीवायपी ३ ए ४’ हे जनुक ५०३ अमिनो आम्लांचे एक प्रथिन घडविते. हे विकर मुख्यत्वे यकृतात व लहान आतड्याच्या पेशींत असते. प्रचलित आधुनिक औषधांपैकी सुमारे एक-तृतीयांश ते निम्म्या औषधांचे रूपांतर त्याच्या द्वारे होते. औषधाची मात्रा हा क्षय गृहीत धरूनच ठरलेली असते. विकर मंदावले की तीच मात्रा अतिमात्रा होते. त्याचे प्रमाण वाढले की ती अपुरी पडते.

दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. ग्रेपफ्रूटचा रस रक्तदाबावरील फेलोडिपिनची रक्तातील पातळी वाढवितो, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. उलटपक्षी, २००० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, झुरिच येथील दोन हृदयप्रत्यारोपित रुग्णांनी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती घेतली; सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली व शरीर नवे हृदय नाकारू लागले.

मिरे व पिप्पली यांतील पाइपेरिन हे विकर रोखते, असे २००२ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. २००९ मध्ये चंदीगड येथील अभ्यासात, कार्बामाझेपिन घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांत २० मिलिग्रॅम पाइपेरिनने त्या औषधाची पातळी वाढली. मिऱ्यात पाइपेरिन सुमारे ५ टक्के असते. म्हणजे ४०० मिलिग्रॅम मिरेचूर्णात तेवढे येते. आमटीतल्या चिमूटभर मिऱ्याची ही गोष्ट नव्हे. त्रिकटूच्या औषधी मात्रेची आहे.

तेव्हा वैद्यांनी प्रश्नपरीक्षेत चालू असलेल्या आधुनिक औषधांची नावे अवश्य विचारावीत व टिपून ठेवावीत. प्रत्यारोपणानंतरची किंवा अपस्मारावरील औषधे चालू असल्यास त्रिकटुयुक्त कल्प संबंधित चिकित्सकाशी विचारविनिमय केल्याशिवाय देऊ नयेत. दोन औषधांत काही तासांचे अंतर ठेवले म्हणजे भागते, असे मानू नये. औषधालय चालकांनीही असे कल्प देताना ग्राहकास हा प्रश्न विचारावा.

योगवाही द्रव्य कोणाच्या योगात देत आहोत, हे पाहणे आपल्या शास्त्राला नवे नाही. सोबतच्या द्रव्यांची यादी मात्र लांबली आहे.