चेहरा ओळखला, दार उघडायचं का?

इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात असं एखादं टेबल हमखास दिसतं. प्लायवूडचं बुटकं दार, वर चिकटवलेला कॅमेरा, मागे वायरींचा गुंता. ओळखीचा चेहरा समोर आला की रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, ‘टक्’ असा आवाज होतो आणि कडी मागे सरकते. सामान सगळं सुटं मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एक चक्कर मारली की रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, कॅमेरा, रिले, १२ व्होल्टचं सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने कडी ओढणारं) कुलूप आणि अडॅप्टर पिशवीत पडतं. चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर तर फुकटच आहे. खरी परीक्षा सुरू होते ती हे प्रकरण प्लायवूडवरून काढून घराच्या दाराला लावताना.

कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र म्हणजे संगणकाच्या लेखी आकड्यांचा तक्ता. त्यात चेहरा कुठे आहे, हे आधी शोधावं लागतं. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ साली त्यासाठी काढलेल्या युक्तीचं आजही कौतुक वाटतं. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो आणि नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ. त्यांचा प्रोग्रॅम चित्रावर आयत सरकवत असले गडद-उजळ फरक तपासतो. पहिल्या सोप्या चाचणीत नापास झालेला तुकडा तिथेच बाद. पास झालेल्यालाच पुढची कठीण चाचणी. भिंत, कपाट, झाड असा बहुतेक भाग सुरुवातीलाच गळत असल्याने ७०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवरही सेकंदाला १५ चित्रं तपासून होत. आता याहून सरस पद्धती आल्या आहेत, पण ओपनसीव्ही या फुकट लायब्ररीतली ही युक्ती छोट्या बोर्डावर अजूनही मजेत चालते.

चेहरा सापडला, पण तो कुणाचा? घरगुती प्रोजेक्टांत यासाठी बऱ्याचदा डेव्हिस किंग यांची डीलिब ही लायब्ररी वापरतात. तिचं मॉडेल सुमारे ३० लाख चेहऱ्यांवर शिकलेलं आहे आणि ते कुठल्याही चेहऱ्याचे १२८ आकडे करून देतं. त्यातला अमका आकडा नाकाचा आणि तमका हनुवटीचा, असं काही नसतं. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळ यावेत आणि वेगळ्या माणसांचे लांब जावेत, एवढीच तालीम त्याला दिलेली असते. घरच्या मंडळींचे आकडे आधी साठवून ठेवायचे. दारात कुणी आलं की त्याच्या आकड्यांचं यांच्यापासूनचं अंतर मोजायचं. ते ०.६ पेक्षा कमी भरलं, तर माणूस घरचा.

हा ०.६ लायब्ररीबरोबरच येतो आणि अनेक जण त्याला हातच लावत नाहीत. दारासाठी मात्र लावावा. तो ०.४५वर आणला तर परके जास्त अडकतील, पण नवा चष्मा घालून किंवा दाढी वाढवून आलेले घरचेही अडकतील. परका आत येणं आणि घरचा बाहेर ताटकळणं यातली कुठली चूक परवडते, हे घरमालकानेच ठरवायचं.

एलएफडब्ल्यू या प्रसिद्ध फोटोसंचावर हे मॉडेल ९९.३८ टक्के अचूक ठरलं होतं. म्हणजे फोटोंच्या ६,००० जोड्यांत साधारण ३७ चुका. ऐकायला झकास! पण दारावरचा कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रं घेतो आणि समोरचा माणूस मान हलवत, अर्धा अंधारात उभा असतो. दर चित्रागणिक चुकायची नवी संधी. म्हणून लागोपाठ पाच-सहा चित्रांत तेच नाव आलं, तरच कडी हलावी. त्यातून हे मॉडेल मोठ्या माणसांवर शिकलेलं असल्याने लहान मुलांत त्याची सर्रास गल्लत होते. शेजारचा चिंटू आपल्या घरात खुशाल शिरू शकेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१९मध्ये १८९ प्रोग्रॅम तपासले. त्यातल्या अनेकांत परक्याला ‘तोच’ समजण्याची चूक गोऱ्यांपेक्षा आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांबाबत १० ते १०० पट जास्त निघाली. आशियात बनलेल्या काही प्रोग्रॅममध्ये आशियाई चेहऱ्यांबाबत हा फरक तितका दिसला नाही. शिकवताना कुणाचे चेहरे दाखवले, याचा त्यात बराच वाटा असावा.

फोटोचं दुखणं आणखी मोठं. साध्या कॅमेऱ्याला खोली कळत नाही. तुमचा फोटो मोबाइलवर उघडून समोर धरला तरी आकडे जवळपास तेच येतात. म्हणजे व्हॉट्सॲपचा डीपी हीच घराची किल्ली झाली. पापणी लवते का, हे तपासण्याचा उपाय सांगितला जातो, पण व्हिडिओतही पापणी लवतेच. आयफोन चेहऱ्यावर ३०,०००हून अधिक इन्फ्रारेड ठिपके टाकून त्याचे उंचवटे मोजतो, तो यासाठीच. घरी इन्फ्रारेड कॅमेरा जोडला तर निदान मोबाइलची चलाखी पकडता येते, कारण त्याला मोबाइलची स्क्रीन काळी दिसते.

आता वायरींकडे वळू. रास्पबेरी पायच्या पिनमधून ३.३ व्होल्टला जेमतेम काही मिलिअँपिअर मिळतात, तर कुलपाच्या कॉइलला १२ व्होल्टला अर्धा-एक अँपिअर लागतो. म्हणून मध्ये रिले. कॉइलचा प्रवाह तुटताच तिचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि उलट दिशेने शेकडो व्होल्टचा झटका उसळू शकतो. संगणक मध्येच रीस्टार्ट होतो तो बरेचदा यामुळेच. कॉइलला उलटा जोडलेला १एन४००७ डायोड, किंमत दोन-पाच रुपये, हा झटका गिळून टाकतो.

ईएसपी३२-कॅम या बोर्डावर कॅमेरा आणि वायफाय एकत्रच मिळतात आणि तो रास्पबेरी पायपेक्षाही बराच स्वस्त पडतो. साहजिकच तो डबीत घालून दाराबाहेर बसवायचा आणि रिलेही तिथेच जोडायचा मोह होतो. मग चोराला कुणाच्या चेहऱ्याची गरजच नाही. स्क्रू-ड्रायव्हरने डबी उघडायची, रिलेकडून कुलपाकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या, झालं काम. बाहेर फक्त कॅमेरा असावा. निर्णय घेणारा बोर्ड आणि रिले दाराच्या आतच हवेत.

वीज गेल्यावर नेहमीची सोलेनॉइड कडी बंदच राहते. ऑफिसांच्या काचेच्या दारावरचं विद्युतचुंबकाचं कुलूप उलट सुटतं, आगीच्या वेळी माणसं आत कोंडली जाऊ नयेत म्हणून. घराला पहिला प्रकार बरा, पण आतून हाताने उघडण्याची सोय हवीच.

हाऊसिंग सोसायटीच्या गेटचा मामला मात्र वेगळा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्याने केलेल्या वैयक्तिक, घरगुती वापराला लागू होत नाही. सोसायटीला ही सवलत सांगता येणार नाही. शिवाय तिथे चेहरा रोज तपासला जाणार घरकामाच्या मावशींचा, दूधवाल्याचा, ड्रायव्हरचा, आणि नोकरीपायी ‘नाही’ म्हणणं त्यांनाच सर्वांत अवघड. त्यांच्यासाठी गेटवर साधी वही ठेवायला काय हरकत आहे?

हे सगळं वाचूनही करून पाहायचं असेल, तर जरूर करा. सुरुवातीला कुलपाच्या जागी नुसता एलईडी लावा. तो कुणासाठी लागला आणि कुणासाठी लागायला नको होता, याची महिनाभर नोंद ठेवा. मुख्य दाराला बसवायचंच ठरलं, तर चेहऱ्याच्या जोडीला पिन ठेवा, आणि साध्या कुलपाची एक किल्ली शेजारी देऊन ठेवा.