हवाचालित डायफ्रॅम पंप : सुरक्षित प्रारंभ, चालन व धुलाई

रंग, शाई व द्रावके वाहून नेण्यासाठी दाबाखालील हवेवर चालणारा दुहेरी डायफ्रॅमचा पंप वापरला जातो. त्यात विद्युत मोटर नसल्याने ठिणगीचे भय नाही, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. टोल्युइनसारखे विद्युतरोधी द्रावक नळीतून वेगाने वाहताना स्थिर विद्युतभार साचतो आणि टोल्युइनची वाफ सुमारे ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. म्हणून पंप व बादली यांचे अर्थिंग प्रथम तपासणे आवश्यक ठरते. बादली धातूचीच हवी. प्लॅस्टिकच्या बादलीला अर्थिंग करून उपयोग नाही.

प्रारंभी हवेचा दाब शून्यावर ठेवून, पंप मंदगतीने चालू लागेल इतकाच वाढवावा. द्रव संपून पंप कोरडा धावू लागल्यास डायफ्रॅम लवकर झिजतात. निर्गम मार्ग बंद केल्यास पंप आपोआप थांबतो, परंतु त्यातील दाब तसाच राहतो. दुरुस्तीपूर्वी हवेची झडप बंद करून अडकलेली हवा सोडावी व निर्गम उघडून द्रवाचा दाब उतरवावा. पाना त्यानंतरच हाती घ्यावा.

धुलाई द्रव सुकण्यापूर्वी, किमान दाबावर व अनुरूप द्रावकानेच करावी. हाताशी असेल ते द्रावक ओतण्याची सवय येथे विशेष घातक होय. मिथिलीन क्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त द्रावके ॲल्युमिनियमच्या पंपात वापरल्यास रासायनिक क्रियेमुळे आतील दाब वाढून पंप फुटू शकतो.