चौघांची पेटी

ज्यांचं शाळकरी वय १९९०च्या दशकात गेलं, त्यांना ‘मुस्तफा’ एवढा एक शब्द पुरतो. एसटी स्टँडजवळचं व्हिडिओ गेम पार्लर, अंधाऱ्या खोलीत ओळीनं उभ्या उंच लाकडी पेट्या आणि एकाच पेटीला भिडलेले तिघं जण लगेच डोळ्यांसमोर येतात. या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३मध्ये आणला. कथा मार्क शुल्झ या अमेरिकन चित्रकथाकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर बेतलेली. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस अशी चार पात्रं आणि एका वेळी खेळणारे तिघं. चौघांत मुस्तफा सर्वांत चपळ, आणि आपल्याकडे गेम ओळखला गेला तोही त्याच्याच नावानं.

पार्लरं गेली, मोबाइल आले. खेळणारे वाढले, पण एका पडद्यापुढे एकत्र उभं राहणं संपत आलं. अशा वेळी तीन-चार जणांनी मिळून खेळायची पेटी घरीच बांधता येईल का? नगरसारख्या (आताच्या अहिल्यानगरसारख्या) ठिकाणी हे अवघड नाही. मात्र सुरुवात पडद्यापासून किंवा कॉम्प्युटरपासून केली तर पेटी फसते. सुरुवात करायची ती खेळणाऱ्यांच्या कोपरांपासून.

नाण्याचं गणित

एकापेक्षा जास्त खेळाडूंची कल्पना व्हिडिओ गेमइतकीच जुनी. १९७२मध्ये अटारीनं आणलेल्या ‘पाँग’ला दोन चकत्या होत्या, दोघांसाठी. १९७६च्या ‘टँक ८’ या मशीनवर तर आठ जण खेळत. सगळ्यांनी एकाच बाजूनं लढायचं, ही रीत रुजवण्यात मोठा वाटा अटारीच्या ‘गॉंटलेट’चा. १९८५च्या या मशीनवर योद्धा, वीरांगना, जादूगार आणि एल्फ अशी चार पात्रं होती आणि प्रत्येकाची जागा रंगानं ठरलेली होती. १९८९मध्ये कोनामीनं ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’ चौघांसाठी आणला. १९९२च्या त्यांच्याच ‘एक्स-मेन’ची मोठी पेटी सहा जणांची होती, आणि तिच्यात शेजारी शेजारी दोन पडदे होते.

या रुंद पेट्यांमागे धंद्याचा सरळ हिशेब होता. मशीन जेवढी जागा अडवतं, तेवढ्यात एकाऐवजी चार जणांची नाणी पडली पाहिजेत. ‘गॉंटलेट’मध्ये खेळाडू नुसता उभा राहिला तरी त्याची ताकद सेकंदासेकंदाला कमी होत जाते आणि नाणं टाकलं की वाढते. खेळाची अवघड वळणं खिशाकडे बघून आखलेली असत.

पेटी घरात आली की हा हिशेब बदलतो. बटण दाबून हवे तेवढे चान्स मिळू लागले की हरण्याची भीती जाते आणि तिच्याबरोबर चुरसही. म्हणून घरची पेटी बांधणाऱ्यानं पहिला निर्णय लाकडाआधी घ्यावा. एका डावात प्रत्येकाला किती चान्स, हे घरानं मिळून ठरवावं आणि पाळावं. ज्याचे चान्स उरले आहेत त्यानं संपलेल्याला एक द्यायचा की नाही, हा प्रश्न मग मुलांपुढे येतो. असा प्रश्न एकट्यानं खेळायच्या मोबाइलवर कधी येत नाही.

कोपरांचं माप

मोठ्या माणसाचे खांदे साधारण दीड फूट रुंद असतात. प्लायवुडचा शीट आठ बाय चार फुटांचा. जॉयस्टिक-बटणांच्या चार फूट रुंद पॅनेलपुढे चौघांना उभं केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला फूटभर जागा येते. अर्धा फूट कमी पडतो, आणि सगळी कारागिरी या अर्ध्या फुटात आहे. चौघांच्या जुन्या मशीनमध्ये पॅनेल पेटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं असे आणि कडेच्या दोघांच्या जागा थोड्या तिरक्या असत, म्हणजे ते आत तोंड करून उभे राहत आणि खांदे एकमेकांना लागत नसत.

इथे एक सापळा आहे. कडेची जागा तिरकी केली की जॉयस्टिकही तिरकी बसवण्याचा मोह होतो. तसं केलं तर खेळाडू काठी स्वतःच्या समोर ढकलतो आणि पडद्यावरचा गडी भलत्याच दिशेला जातो. पॅनेलची कड तिरकी चालेल, बटणांची ओळही थोडी वळवता येईल, पण काठीची ‘वर’ आणि पडद्याची ‘वर’ एकच राहिली पाहिजे.

दुसरं माप दाराचं. घरातल्या आतल्या खोल्यांची दारं बहुधा अडीच-तीन फुटांची, जुन्या वाड्यांत त्याहून अरुंद. चार फुटी पॅनेल पेटीला कायमचं ठोकलं तर पेटी कारखान्यातच राहील. पॅनेल नट-बोल्टवर वेगळं करता यावं आणि त्याच्या वायरी एका कनेक्टरनं सुटाव्यात. उभ्यानं खेळायला पॅनेल तीन फुटांच्या थोडं वर ठेवतात. लहान मुलांसाठी ते खाली आणू नये, पायाखाली रुंद पाट द्यावा.

पडदा

जुन्या गेमचं चित्र चारास तीन या प्रमाणातलं, आजचे टीव्ही सोळास नऊ. त्यामुळे ३२ इंची टीव्हीवर जुन्या गेमचं चित्र सुमारे २६ इंचांचं दिसतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. पार्लरमधल्या पेट्यांत १९ किंवा २५ इंची नळ्या असत, म्हणजे ३२ इंची टीव्ही चौघांना बरोबर पुरतो. चित्र ताणून पट्ट्या भरू नयेत, सगळी पात्रं बुटकी दिसतात. कडेच्या खेळाडूला रंग फिके दिसू नयेत म्हणून आयपीएस जातीचा पडदा घ्यावा. टीव्हीतला ‘गेम मोड’ही चालू ठेवावा. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. टीव्ही चित्र सजवण्यात चार-पाच चित्रांचा वेळ घालवत असेल तर उडी उशिरा लागते आणि मुलं हाताला दोष देतात.

भंगारातल्या जुन्या टीव्हीची नळी वापरण्याचा विचार मात्र सोडावा. रंगीत नळीवर वीसएक हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तिच्यात भार उरतो.

बेचाळीस स्विच

जॉयस्टिक म्हणजे एक काठी आणि तिच्याभोवती चार मायक्रोस्विच. तिरकं ढकललं की दोन एकदम दाबले जातात आणि चारांतून आठ दिशा मिळतात. ‘स्ट्रीट फायटर २’ला प्रत्येकी सहा बटणं लागतात, पण तो दोघांचा खेळ. ‘टर्टल्स’ दोन बटणांवर चालतो, ‘एक्स-मेन’ तीनवर. म्हणून मधल्या दोघांना सहा आणि कडेच्या दोघांना तीन बटणं पुरतात. प्रत्येकाचं ‘स्टार्ट’ आणि ‘कॉइन’ धरलं तर मधल्यांचे बारा-बारा आणि कडेच्यांचे नऊ-नऊ, असे एकूण ४२ स्विच होतात.

हे स्विच जुन्या कीबोर्डच्या सर्किटला जोडण्याची युक्ती स्वस्त दिसते, पण चौघांना ती चालत नाही. कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असतात. अनेक कळा एकदम दाबल्या की काही नोंदल्याच जात नाहीत, आणि चौघं लढत असताना दहा-दहा स्विच एकदम दाबलेले असतात. प्रत्येक स्विचला स्वतंत्र वाट देणारा एन्कोडरच घ्यावा. पार्लरवाल्यांनाही अशीच अडचण होती. १९८०च्या दशकात जपानी उत्पादकांनी ठरवलेल्या ‘जामा’ या ५६ टोकांच्या जोडणीत मुळात दोनच खेळाडूंची सोय होती, त्यामुळे मुस्तफाच्या तिसऱ्या गड्यासाठी वेगळी वायर ओढावी लागे.

नगरचा हात

हे सगळं नगरमध्ये बांधता येतं, आणि चांगलं बांधता येतं. कायनेटिकची लुना या शहरात घडली. स्विचगिअर आणि मोटारींचे कारखाने इथल्या एमआयडीसीत उभे राहिले. अशा गावात पत्रा वाकवणारा, वायरिंगचा हार्नेस नीट बांधणारा आणि लेथवर हवा तो बुश काढून देणारा शोधावा लागत नाही. पेटीसाठी १८ मिलिमीटरचं प्लाय वापरावं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाच्या चिपाडापासूनही बोर्ड करता येईल असं मनात येतं, आणि तसे बोर्ड बनतातही. पण दाणेदार बोर्डात स्क्रू पुन्हा पुन्हा काढला-बसवला की पकड सुटते. मागच्या फळीला ते चालतील, पॅनेलला नाही. बटणांची भोकं २८ किंवा ३० मिलिमीटरची, हातातल्या बटणावर मोजूनच होल सॉनं पाडावीत आणि आधी सनमायका चिकटवून मग पाडावीत.

नगरचा उन्हाळा आणि धूळ लक्षात घ्यायला हवी. हवा खालून जाळीतून आत आणि वरून छोट्या पंख्यानं बाहेर. २३० व्होल्ट फक्त टीव्ही, कॉम्प्युटर आणि ॲडॉप्टरपर्यंत, पुढे पॅनेलमध्ये पाचच व्होल्ट. थ्री-पिन, खरं अर्थिंग आणि फ्यूज यांत काटकसर नको.

गेम कुठून आणायचा

जुनी मशीनं विस्मरणात जाऊ नयेत म्हणून निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं १९९७मध्ये ‘मेम’ हा प्रोग्रॅम सुरू केला. २०१६पासून तो मुक्त परवान्याखाली मिळतो आणि साध्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. मात्र तो म्हणजे फक्त यंत्राची नक्कल. त्यात घालायचे गेम कंपन्यांच्या मालकीचे आहेत. सरळ मार्गानं घ्यायचे तर ‘टर्टल्स’चे आर्केड गेम २०२२च्या ‘कवाबंगा कलेक्शन’मध्ये मिळतात. कॅपकॉमनंही २०१८मध्ये आपल्या मारामारीच्या गेमचा संच काढला, पण त्यात मुस्तफा नाही. ज्या गेमसाठी अनेक जण पेटी बांधायला निघतील, तोच त्या संचात मिळत नाही.

या अडचणीतून मला एक वाट दिसते आणि ती मनापासून सुचवतो. पेटी आपली, तर गेमही आपला असावा. विषय नगरच्या किल्ल्यात आहे. १५९५च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मुघल फौजेनं किल्ल्याला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले. किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीच्या लोकांनी काही सुरुंग शोधून त्यांतली दारू काढून घेतली. एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. ते चांदबीबीनं रातोरात बुजवून घेतलं. चौघांनी खेळायचा गेम याहून नेमका कसा मांडणार? एकानं सुरुंग हुडकायचा, दुसऱ्यानं दारू उपसायची, तिसऱ्यानं खिंडारात उभं राहायचं, चौथ्यानं दगड आणायचे. चौघांपैकी एक जण जरी रेंगाळला तरी पहाटेपर्यंत तट उभा राहत नाही.

‘स्क्रॅच’ आणि ‘गोडो’ ही गेम घडवण्याची साधनं मोफत आहेत. अनेक शाळांत २०१६नंतर अटल टिंकरिंग लॅब आल्या, गावोगावी आयटीआय आहेत. सुतारकाम, वायरिंग, भूमिती, प्रोग्रॅमिंग आणि जिल्ह्याचा इतिहास एकत्र शिकवणारा असा दुसरा प्रकल्प मला दिसत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा: चार फुटी पुठ्ठा घ्या, त्यावर जॉयस्टिक आणि बटणांच्या जागा पेन्सिलीनं काढा, टेबलावर ठेवा आणि घरातल्या चार मुलांना त्यापुढे उभं करा. कोपरं लागतात का बघा, जागा खोडा, पुन्हा काढा. सगळ्यांना नीट उभं राहता आलं, की मगच प्लाय आणायला जा.