संमेलनाच्या मांडवाचे पैसे कोण देतं?

बदलापूरहून लोकल पकडली की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली आणि मग डोंबिवली! तिथे २०१७ साली ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. सरकारी अनुदान तेव्हा २५ लाख रुपये होतं. पुढच्याच वर्षी बडोद्याला ते ५० लाख करण्याची घोषणा झाली. मांडव, जेवणं, पाहुण्यांची सोय... उरलेला खर्च देणग्यांतून. (गणपतीची वर्गणी आठवा!)

पण तुमच्या गल्लीतल्या वाचनालयाचं काय? १९६७च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं खरं. पण पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं यांतच ते बहुतेक संपतं. मग लेखकाला बोलवायचं कसं? खरं तर लागतं काय? लोकलचं जाऊन-येऊन तिकीट, जमेल तेवढं मानधन, चहा आणि शाळेचा हॉल. हार नकोच! मुख्याध्यापकांना विचारून तर बघा.