घाट उतरण्याआधी

शेवगावहून नगरला निघाले की अमरापूर, तिसगाव मागे पडते आणि करंजीच्या घाटात गाडीची खरी परीक्षा होते. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडी ‘नगर’च आहे.) आमची जुनी मॅटॅडोर हा घाट चढताना धापा टाकायची आणि उतरताना पळत सुटायची.

मॅटॅडोरचे नगरशी तसे नातेच. ती काढणाऱ्या बजाज टेम्पोचे संस्थापक नवलमल फिरोदिया मूळचे नगरचे. कंपनी १९५८ साली जर्मन सहकार्याने उभी राहिली, १९६९ साली मॅटॅडोर आली आणि २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. परदेशांत अशा गाडीत बिछाना आणि चूल मांडून लोक देश पाहतात. आपल्याकडे आषाढीच्या दिंडीमागे स्टोव्ह, पातेली, ताडपत्री आणि वळकट्या भरून चालणारी मॅटॅडोर दुसरे काय करत होती? आमचीही तशीच घरगुती धर्मशाळा होती.

एकदा नगरहून परतताना स्टिअरिंगवर मी होतो, मागे आई आणि मावशी. डिझेल वाचवावे म्हणून घाटाच्या तोंडाशी गाडी न्यूट्रल केली. दोन-तीन वळणांतच ब्रेकचा जळका वास आला, पायाखालचे पॅडल दबत गेले. घाबरून मी एकदम दुसरा गिअर घुसवला. इंजिन असे किंचाळले की मावशीने देवाचे नाव घेतले. कडेच्या मुरमात चाके घालून गाडी कशीबशी थांबवली.

पुढे गाडी गचके देऊ लागली. मिस्त्रींनी हेड उघडले, तर एक व्हॉल्व्ह वाकलेला. ते म्हणाले, “भाऊ, इंजिन डिझेलनं नाही, चाकांनी पळवलंत तुम्ही.”

त्यांचा हिशेब सोपा होता. ताशी साठ म्हणजे मिनिटाला हजार मीटर. चाकाचा घेर दोन मीटर धरला, तर चाकाच्या पाचशे फेऱ्या. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या पाच धरल्या, तर इंजिन अडीच हजारांवर निवांत असते. त्याच वेगात दुसरा गिअर टाकला आणि पाचाच्या अकरा झाल्या, तर साडेपाच हजार! अशा जुन्या डिझेल इंजिनाची धाव चार हजारांच्या आसपास संपते. सपाटीवर पंपातला गव्हर्नर डिझेल आवळून त्याला रोखतो. उतारावर इंजिनाला चाकेच फिरवतात, तिथे गव्हर्नर काय करणार?

याउलट चढावर वरच्या गिअरचा हट्ट धरणेही तितकेच वाईट. फेऱ्या कमी म्हणजे ऑइलपंप मंद, पाण्याचा पंप मंद, आणि प्रत्येक धक्का मात्र बेअरिंगवर जोरात. गाडी थरथरू लागली, काळा धूर सोडू लागली, की खालच्या गिअरला उशीर झालाच म्हणून समजावे.

आणि माझी डिझेलची बचत? तीही खोटीच. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की पंप डिझेल जवळजवळ बंद करतो; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला ते लागतेच. कोणी इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो आणि पॅडल दगडासारखे होते.

जुन्या माणसांचा नियम साधा होता : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा; आणि गिअर बदलायचा तो उतार लागण्याआधी, वेग कमी करून. आमच्या गाडीत फेऱ्यांचे मीटर नव्हते. दोन सीटांमधल्या इंजिनाचा आवाज हेच मीटर.

ती गाडी केव्हाच गेली. आताच्या गाडीत काटा आहे, त्यावर लाल पट्टाही आहे. तरी करंजीचा घाट आला की आई मागून म्हणते, “आधी ती गाणी बंद कर.” मी मुकाट्याने बंद करतो, आणि पायही उचलतो.